राऊळ मुकादमांचा तोफखाना

जमिनीतून लोखंडाचा तुकडा निघाला तर तुम्ही-आम्ही काय म्हणू? नळ असेल, सळई असेल, कुणाच्या तरी खाटेचा पाय असेल. राऊळ मुकादम असं कधीच म्हणाले नाहीत. म्हणजे एकदाच म्हणाले, आणि ते का म्हणाले हे सांगायलाच मी बसले आहे. पण ते मागाहून. आधी माणूस बघा.

टीव्हीला नुकता रंग आला होता तेव्हाची गोष्ट. मी घाटकोपरला पाणीखात्याच्या चौकीत कारकून म्हणून लागले होते. चौकी म्हणजे काय हो, पत्र्याची शेड, एक टेबल, एक कपाट आणि थोबाडीत मारल्याशिवाय न चालणारा एक फोन. नवी पाइपलाइन टाकायची होती, त्यासाठी चौदा माणसं चर खोदत होती आणि त्या चौदांवर मुकादम होते राऊळ. कणकवलीकडचे. उंचीला बेताचे, पण छाती अशी काढून चालायचे की समोरून येणारा आपसूक बाजूला व्हायचा. खाकी हाफपँट, कडक इस्त्रीची. गळ्यात शिट्टी. मिशीला कलप, तोही घरीच लावलेला, त्यामुळे वरच्या ओठालाही थोडा लागलेला असायचा. मी पहिल्या दिवशी "नमस्कार" म्हटलं तर त्यांनी मला सॅल्यूट ठोकला. मी दचकून पेन पाडलं.

"मी लष्करात होतंय," हे त्यांचं पहिलं वाक्य. कुठल्या लष्करात, कधी, काय म्हणून, हे त्या दिवशीच्या वाऱ्यावर अवलंबून. सोमवारी ते तोफखान्यात असायचे, गुरुवारी घोडदळात. धोंडू म्हणून गँगमधला एक आगाऊ गडी होता, त्यानं एकदा विचारलं, "मुकादम, घोड्याक पाय किती?" राऊळ म्हणाले, "बसलेल्या माणसाक पाय मोजूक लागत नाय रे मेल्या!" उत्तर तयार असायचं बाबाकडे.

आता त्यांची ओळख पटवायची पद्धत ऐका. चरात कुदळीला काही लागलं, ठण्ण असा आवाज आला, की राऊळांची शिट्टी. काम बंद. वस्तू वर काढायची ती दोन्ही हातांनी. ॲल्युमिनियमच्या एका पातेल्यात आमसुलाचं पाणी कायम तयार असे, त्यात ती भिजत घालायची. (एकदा गडबडीत त्याच पातेल्यात चहा झाला. आम्ही सगळ्यांनी प्यायला. आंबट लागला, एवढंच.) मग फडक्यानं पुसायची. मग तळहातावर तोलायची. मग टिचकी मारून कानाला लावायची. मग हुंगायची. आणि शेवटी, डोळे मिटून, जिभेचं टोक लावायचं. "जिभेक कळता," म्हणायचे. मी म्हणायचे, "काका, धनुर्वात होईल!" ते म्हणायचे, "गो बाय, लष्करी माणसाक होत नाय."

हा सगळा सोहळा चालू असताना चराच्या काठावर जत्रा जमायची. आजूबाजूच्या चाळींतल्या बाया बादल्या घेऊन उभ्या, भाजीवाला उभा, कोपऱ्यावरचा न्हावी हातात वस्तरा घेऊन उभा आणि त्याच्या मागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. राऊळांना गर्दी भारी आवडायची. ते मुद्दाम वेळ लावायचे. मग डोळे उघडून निकाल द्यायचे: "तोफेच्या चाकाचो आस!" की लोक हुश्श करायचे आणि एखादी म्हातारी चक्क हात जोडायची.

निकालाचा नियम अगदी सोपा होता. वस्तू धडधाकट असली तर मराठ्यांची. गंजून गेली असली तर शत्रूची. मी एकदा विचारलं, असं कसं? तर म्हणाले, "आपल्या लोकांचां लोखंड असां सडत नाय." विषय संपला.

खात्याचं 'सापडलेल्या वस्तूंचे रजिस्टर' माझ्या ताब्यात होतं. राऊळांच्या आधीच्या नोंदी बघाल तर छत्री एक, चप्पल डाव्या पायाची एक. राऊळ आले आणि त्या रजिस्टराचं नशीब उघडलं. ते मागे हात बांधून सांगणार आणि मी लिहिणार: 'भाल्याचे टोक, मराठेशाही, नग एक.' 'ढालीची कडी, शत्रूपक्ष, नग दोन.' ओव्हरसियरसाहेब न वाचता सह्या करायचे. कपाटातल्या खात्याच्या फायली खाली जमिनीवर आल्या आणि वरच्या चारही खणांत तोफखाना थाटला.

हसा, हसा. आम्हीही हसायचो. पण त्या माणसाच्या मनात एक खरीच आस होती आणि ती मला माहीत होती, कारण पत्रं मी टाइप करायची. शहरातल्या मोठ्या म्युझियमला पत्रं! 'महोदय, आमच्या खोदकामात पुढील शस्त्र सापडले असून...' दर दोन-तीन महिन्यांनी एक. स्वतः वस्तू पिशवीत घालून घेऊन जायचे, तिथल्या कुणीतरी पाहायची, आणि आठवड्याभरानं उत्तर यायचं: सदर वस्तूस ऐतिहासिक मूल्य आढळत नाही. राऊळ ते पत्र चारदा वाचायचे, घडी करून खिशात ठेवायचे आणि दोन दिवस शिट्टी हळू वाजवायचे. एकदा मला म्हणाले, "बाय, माका इनाम नको, फोटो नको. एकदाच कोणी मोठ्या माणसान म्हणूक व्हयां, राऊळ म्हणालो तां बरोबर. रिटायर होऊच्या आधी एकदा." रिटायर व्हायला त्यांना तेव्हा जेमतेम वर्ष उरलं होतं. मी म्हटलं, होईल काका. मनातून मला माहीत होतं, काय डोंबल होणार आहे.

कारण प्रकार कसे व्हायचे बघा ना. एका जुन्या बंगल्यासमोर खोदताना लोखंडी गोळा निघाला. चांगला नारळाएवढा. राऊळांनी जीभ लावली आणि जाहीर केलं, "तोफगोळो. आपलो." टाळ्या. तेवढ्यात बंगल्याचे मालक, एक म्हातारे गुजराती गृहस्थ, काठी टेकत आले आणि म्हणाले, "अरे, आ तो मारा गेटनो छे!" सगळ्यांनी फाटकाकडे बघितलं. दोन खांब. एका खांबावर अगदी तस्साच गोळा आणि दुसरा खांब बोडका. दोन महिने आम्ही त्या फाटकासमोरून जात-येत होतो, एकाचं लक्ष गेलं असेल तर शपथ! दुसरा कुणी असता तर तिथंच चरात उडी मारून माती ओढून घेतली असती. राऊळ शांतपणे म्हणाले, "म्हणजे शेठ, तुमच्या फाटकार दोन तोफगोळे होते, आणि तुमका पत्तोच नाय?" म्हातारबुवांनी खांबावरच्या गोळ्याकडे नव्यानंच पाहिलं. पुढे महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला फाटकाशी थांबवून सांगत होते की आमच्याकडे तोफगोळे आहेत. खाली सापडलेला गोळाही त्यांनी परत नेला, आणि राऊळांच्या तोफखान्यातला एक नग कमी झाला.

आणि ते वाघनख! तेव्हा तर मी हसून हसून टेबलाखाली गेले होते. चिखलातून एक वाकडी लोखंडी पट्टी निघाली, टोकाला चपटी आणि गोल, आणि त्या गोलाला दाते. आमसुलाच्या पाण्यात दाते लख्ख झाले. राऊळांचा आवाज भरून आला. "वाघनख," म्हणाले. चौदाच्या चौदा जण कोकणातले. आयुष्यभर नारळ खाऊन वाढलेले. सगळ्यांनी माना डोलावल्या. धोंडूनं तर ते हातात धरून कुणाचं पोट कसं फाडायचं त्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. दुपारी राऊळकाकी डबा घेऊन आल्या. टेबलावर ती वस्तू बघितली आणि म्हणाल्या, "ह्यो आडाळो कोणाचो मोडलो?"

आडाळो म्हणजे विळी. ती खवणी होती हो, नारळ खवायची! धोंडूनं हळूच हात पाठीमागे घेतला. राऊळांनी काकींकडे पाहिलं, खवणीकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "बाय, लिही. खवणी, लष्करी, नग एक." काकी म्हणाल्या, "लष्करी?" "मगे? सैन्यातली माणसां काय उपाशी लढत होती?" काकींनी डबा आपटला आणि निघून गेल्या. नोंद मी केली. आजही त्या रजिस्टरात असेल.

पण सगळ्यात महागात पडली ती स्टोव्हची टाकी. राऊळांना पितळेची, चेपलेली, गोल टाकी सापडली आणि त्यांनी तडक पोलिसांना फोन केला की सुरुंग सापडलाय. त्याआधी दोनदा त्यांनी तसाच फोन केलेला होता. या वेळी शिंदे हवालदार स्वतः आले. अर्धा रस्ता बंद केला, दुकानं बंद केली, लोकांना गच्च्यांवर पाठवलं. तीन तास. शेवटी चाळीतली एक बाई गच्चीवरून ओरडली, "अवो, ती माझ्या सासूच्या स्टोव्हची टाकी हाय, म्या फेकली व्हती!" शिंद्यांनी टाकी उचलून हलवली. आत अजून थोडं रॉकेल होतं. ते राऊळांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाले, "पुन्हा फोन केलात ना मुकादम, तर तुम्हांलाच आत टाकीन." त्यानंतर गँगमधली पोरं राऊळांच्या पाठीमागे उघडपणे डोक्याजवळ बोट फिरवायला लागली. राऊळांना दिसायचं. ते दुसरीकडे बघायचे.

आता तो दिवस.

काम सरकत सरकत विक्रोळीच्या बाजूला, हायवेपलीकडे तिवरांच्या कडेला गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथं गोऱ्या सोल्जरांची छावणी होती असं जुनी माणसं सांगायची. आमची चौकीही तिथंच हलवली होती. राऊळांना रिटायर व्हायला दोन महिने उरले होते. सकाळी मी हजेरी घ्यायला चरावर गेले आणि धोंडूच्या कुदळीला ठण्ण झालं.

"निघाला रे निघाला!" लोक ओरडलेच. जवळच्या झोपड्यांतून बायामाणसं धावली. मीही वाकून बघितलं. हातभर लांबीचं, एका बाजूला टोकदार, अर्धं चिकणमातीत रुतलेलं काहीतरी. मी मनात म्हटलं, झालं, आता आणा आमसूल.

राऊळ खाली उतरले. उकिडवे बसले. पण ना शिट्टी, ना पातेलं. दोन बोटांनी त्यांनी बुडाजवळची माती हलकेच बाजूला केली. तांब्याचं एक कडं चमकलं. त्यांनी बोटं तशीच मागे घेतली. कानावर एक विडी लावलेली असायची, ती काढून त्यांनी खिशात ठेवली. मग उभे राहिले, मोठी जांभई दिली आणि म्हणाले,

"कायएक नाय. नळाचो तुकडो."

काय सांगू तुम्हांला! लोकांची तोंडं अशी पडली जसं काही लग्नातून न जेवता परत पाठवलं. "अहो काका, एवढं टोकदार आहे की!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "पंपाचां आसा तां. भंगार. जावा आपापल्या कामाक." धोंडू म्हणाला, "मगे काढून फेकतंय," आणि त्यानं कुदळ वर उचलली. राऊळांनी त्याचा दंड धरला. "चहाची वेळ झाली," म्हणाले. दहासुद्धा वाजले नव्हते. आयुष्यात या माणसानं वेळेआधी चहा दिला नव्हता. "हायवेच्या पलीकडच्या टपरीर जावा. सगळे. आज भजीसुद्धा खावा." गँग आनंदानं पळाली. बघायला काही नाही म्हटल्यावर लोकही शिव्या घालत पांगले.

मग ते माझ्याकडे वळले आणि शुद्ध, हळू मराठीत बोलले. त्यांच्या तोंडून मालवणीशिवाय काही निघतं हे मला तेव्हा कळलं.

"बाई, तोफेचा गोळा आहे. जिवंत आहे. चौकीत जा, पोलिसांना फोन करा. धावू नका. तुम्ही धावलात की लोक मागे धावतील."

"आणि तुम्ही?"

"मी इथे बसतो. कुणीतरी दगड मारून बघायला येतोच."

मी चालत गेले. कशी चालले माझी मला ठाऊक. फोनला दोन थोबाडीत दिल्या. पलीकडे नेमके शिंदे. चौकीचं नाव सांगितलं मात्र, ते म्हणाले, "ठेवा फोन."

"अहो साहेब, खरंच तोफेचा गोळा आहे!"

"मागच्या वेळी पण खराच होता. आत रॉकेल निघालं."

"अहो, शपथेवर सांगते!"

"बाई, मला दुसरी कामं आहेत. राऊळांना म्हणावं..."

मी रडकुंडीला आले आणि तोंडाला येईल ते बोलून गेले, "अहो, पण राऊळ लोकांना सांगतायत की हे काही नाही, नळाचा तुकडा आहे!"

"काय म्हणाले?"

"नळाचा तुकडा."

"राऊळ म्हणाले? आपले राऊळ? स्वतःच्या तोंडानं?"

"हो!"

"अरे बापरे!" शिंदे किंचाळले. खुर्ची पडल्याचा आवाज आला, आणि फोन तसाच लोंबकळत राहिला असावा, कारण त्यांच्या बुटांची धावपळ मला ऐकू येत होती.

पंधरा मिनिटांत दोन्हीकडचा रस्ता बंद झाला. शिंदे म्हणाले, "राऊळ, आता तुम्ही बाजूला व्हा." राऊळ म्हणाले, "मी उठलंय काय तुमचे शिपाय बघूक वाकतले." शिंद्यांनी मागे वळून बघितलं तर दोन शिपाई वाकलेच होते. तेव्हा सगळे मागे सरले आणि राऊळ एकटे मातीच्या ढिगाऱ्यावर बसून राहिले, दुपारी मिलिटरीच्या गाड्या येईपर्यंत. उन्हात, टोपी डोळ्यांवर ओढून. मला लांबून बघताना राग येत होता, भीती वाटत होती आणि अभिमान वाटत होता, सगळं एकदम.

मिलिटरीचा कॅप्टन अगदी तरुण होता. त्यानं गोळा तपासला, माणसांना वाळूच्या गोण्या आणायला सांगितलं आणि विचारलं, "इसको पहचाना किसने?"

गँग हसायला लागली. धोंडू पुढे होऊन म्हणाला, "साब, हमारा मुकादम तो बोला नल का टुकडा है! जिंदगीभर खवणी को वाघनख बोला, और आज असली आया तो नल बोला!" सगळे पोट धरून हसले. राऊळ दुसरीकडे बघत राहिले. माझं टाळकंच फिरलं. तिथं त्या साहेबासमोर मी जी काय ओरडले! म्हटलं, "अरे मुडद्यांनो, त्यांनी ओळखला म्हणून तुम्ही हसायला शिल्लक आहात! धोंड्या, कुदळ कुणी धरली होती तुझी?"

धोंडू मटकन खाली बसला.

कॅप्टननं राऊळांना विचारलं, कसं ओळखलंत? आणि त्या दिवशी आम्हांला खरं कळलं. ना तोफखाना, ना घोडदळ. अठराव्या वर्षी, लढाईच्या काळात, राऊळ लष्कराच्या दारूगोळ्याच्या गोदामात हमाल होते. "तीन साल यही उठाया साब. नीचे तांबे का कडा, ऊपर पितल की टोपी. नींद में भी पहचानेगा." भाले, ढाली, वाघनखं यांतलं त्यांना काडीचं कळत नव्हतं. पण हा गोळा त्यांच्या खांद्याच्या ओळखीचा होता.

"तो फिर झूठ क्यों बोला?"

"सच बोलता तो सौ आदमी देखने को आता साब," राऊळ ओशाळून म्हणाले. "मेरा पब्लिक है."

कॅप्टन हसला नाही. त्यानं राऊळांना सॅल्यूट केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आपने बिलकुल सही पहचाना." राऊळांचा सॅल्यूटसाठी उठलेला हात अर्ध्यावरच थांबला. मग त्यांनी हळूच विचारलं, "साब, लिख के मिलेगा?"

"रिपोर्ट तो ऊपर जाएगा, मुकादमजी. आपको कागज नहीं दे सकता." कॅप्टनला वाईट वाटलेलं दिसलं. "खाडी में ले जाकर उडाएंगे. चलोगे? दूर से देखना."

राऊळ जीपमध्ये पुढे बसून गेले. आम्ही सगळे बघत राहिलो.

पाचच्या सुमाराला मी चौकीत एकटीच होते. खाडीकडून असा आवाज आला की टेबल थरथरलं आणि खिडकीची काच खडखडली. बाहेर बसलेली गँग उठून उभी राहिली. कुणीतरी नुसतं म्हणालं, "मुकादमांचो."

तासाभरानं राऊळ चालत आले. गुडघ्यापर्यंत चिखल, मिशीवर धूळ. दारातच उभे राहिले.

"बाय, आयकलंस मां?"

"ऐकलं काका."

"हयसर इलो आवाज? इतक्या लांब?"

"ही खिडकी हलली."

"खंयची? ही?"

ते आत आले. त्या काचेवर त्यांनी तळवा ठेवला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. पुढे दोन महिने ते रोज कामावर आले, निरोपसमारंभ झाला, भाषणं झाली, यातलं मला फारसं काही आठवत नाही. मला राऊळ आठवतात ते तसे, चिखलात माखलेले, खिडकीशी उभे.

"मगे झालां," म्हणाले, आणि घरी गेले.